मावशी हवी की नर्स?

गोवा मेडिकल कॉलेजातून डिस्चार्जचा कागद हातात पडेपर्यंत बहुतेक वेळा दुपार झालेली असते. अर्धांगाचा झटका आलेले आजोबा घरी निघालेले असतात. नाकात नळी, लघवीची पिशवी लावलेली, आणि बांबोळीहून पेडणे गाठायचे असते. वाटेतच मुलगा कुणाला तरी फोन लावतो, "बाई मिळेल का एखादी? चोवीस तासांची." घराची पुढची दोन-तीन वर्षे कशी जाणार, ते त्या एका फोनवर ठरून जाते.

‘बाई’ या एका शब्दात निदान तीन वेगळी माणसे दडलेली आहेत. पहिली नुसती सोबतीची: औषधाची आठवण करणारी, हात धरून अंगणात नेणारी, बोलणारी. दुसरी मावशी, म्हणजेच अटेंडंट. आंघोळ, भरवणे, कूस बदलणे, डायपर, कमोडच्या खुर्चीवर बसवणे ही तिची कामे. पुरुष रुग्णासाठी हेच काम ‘ब्रदर’ म्हणून येणारा मुलगा करतो, पण ब्रदर म्हटले की तो शिकलेला नर्सच असतो असे नाही. तिसरी नर्स: जीएनएमची तीन किंवा बीएस्सीची चार वर्षे शिकलेली आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली. इंजेक्शन, सलाईन, खोल जखमेचे ड्रेसिंग, लघवीची किंवा नाकातली नळी बदलणे हे तिचे काम.

गोंधळ होतो तो दुसरी आणि तिसरी यांच्यात. नळीतून पातळ अन्न देणे मावशीला, अगदी सुनेलाही शिकवता येते: डोके उंच ठेवायचे, सावकाश सोडायचे, नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. नळी बदलणे मात्र मावशीवर सोपवू नये. ती चुकून श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते. उलटही घडते. ज्यांना फक्त आंघोळ आणि आधार हवा, त्यांच्या घरी भीतीपोटी चोवीस तासांची नर्स ठेवली जाते आणि सहा महिन्यांत ठेवी मोडाव्या लागतात.

त्यापेक्षा एक साधा उपाय करून पाहावा. वहीच्या एका पानावर दिवसाचे चोवीस तास लिहावेत आणि प्रत्येकापुढे त्या वेळी काय लागते, कोण करणार, ते मांडावे. कागद भरला की बहुतेक घरांत दिसते, की नर्स आठवड्यातून एक-दोनदा लागते, फिजिओथेरपिस्ट पहिले काही महिने नियमित लागतो आणि मावशी रोज लागते. आणि रात्रीचे रकाने रिकामे राहिलेले असतात.

त्या रिकाम्या रकान्यांकडे जरा थांबून पाहायला हवे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दिवसाची मावशी संध्याकाळी जाते. रात्री अकराला, एकला, तीनला आणि पाचला उठायचे कुणी? बहुधा सून उठते. तिलाच सकाळी डबे करायचे असतात. दोन रात्री ती उठते, तिसऱ्या रात्री डोळा लागतो. सकाळी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसतो. त्यावर बोट दाबून पाहावे. दाबल्यावर कातडी पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर ती शय्याव्रणाची सुरुवात आहे. हवेच्या गादीने मदत होते, पण तिच्या भरवशावर कूस बदलायचे थांबवता येत नाही. पैसे थोडेच असतील तर दिवसापेक्षा रात्रीसाठी माणूस ठेवणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते. हे सहसा कुणी सांगत नाही.

पेडणे आणि डिचोलीत आणखी एक अडचण आहे. बायका पुरवणारे ब्युरो पणजी, म्हापसा, मडगावकडे. तिथली बाई रोज केरीला किंवा मुळगावला ये-जा करू शकत नाही, शेवटची बस गेली की संपले. म्हणून राहणारी मुलगी येते, पुष्कळदा आसाम, झारखंड, ओडिशातून. त्यांतल्या कितीतरी जणी जीव लावून काम करतात. पण स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला आयुष्यभराच्या भाषांपैकी शेवटी घरची तेवढी उरते. ती सकाळी दहाला पेज मागते, मुलीला पेज म्हणजे काय ते ठाऊक नसते. ती चहा-बिस्किटे पुढे करते आणि आजी ताट ढकलते. अशा घरी कोकणी-मराठी बोलणारी गावातलीच बाई, कमी शिकलेली असली तरी, जास्त उपयोगी पडते. आणि माणूस बाहेरून आले असेल तर त्याला झोपायला धड जागा, आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पगार मिळायलाच हवा. चोवीस तास म्हणजे चोवीस तास जागे राहणे नव्हे.

गावातल्या बाईला हे जमेल का, या शंकेचे उत्तर गोव्यातच मिळून चुकले आहे. १९९६ साली इथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेच्या साथीने डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे घेऊन एक अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. घरोघरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. स्थानिक भाषा येणारी, लिहिता-वाचता येणारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायची इच्छा असलेली ती माणसे होती. त्यांना प्रशिक्षण दिले, पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ ठेवले. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारलेले आणि त्यांना जाणवणारा भार हलका झालेला दिसला. रुग्णाच्या वागण्यात किंवा क्षमतेत ठामपणे म्हणावा असा फरक पडला नाही, हेही अभ्यासात स्पष्ट नोंदले आहे. पण सून कोलमडली नाही तर आजीचे घर टिकते, आणि पेडण्यातल्या घरासाठी तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

गोव्याला अशा मदतीची गरज बहुतेक राज्यांपेक्षा आधी लागली. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे ८.६ टक्के होती, गोव्यात ११.२ टक्के, पुढे फक्त केरळ. डिचोलीत २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रक आणि पगारावर चालणारी घरे उघडी पडली, तरुण बाहेर पडले. पेडण्यात २०२३च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळ सुरू आहे. तिथे शिफ्टवर जाणारा मुलगा रात्री घरी असेलच असे नाही.

सरकारी मदत मात्र रुग्णालयाच्या दारापर्यंतच येते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे, पण ते उपचारांसाठी. घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या महिन्याच्या दोन हजारांत तिचा आठवडाही भागत नाही. जर्मनीत १९९५पासून शुश्रूषेचा स्वतंत्र विमा आहे: कुटुंबाने व्यावसायिक सेवा घ्यावी, स्वतः सांभाळून रोख रक्कम घ्यावी, किंवा दोन्ही थोडे थोडे. सांभाळणाऱ्या सुनेच्या कष्टांना तिथे निदान किंमत तरी आहे. आपल्याकडे २०१९च्या डिसेंबरात ज्येष्ठांच्या कायद्यातील दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले, त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांच्या नियमनाची तरतूद होती. ते मंजूर झालेच नाही आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपताच बारगळले. असा कायदा होईपर्यंत चौकशीची जबाबदारी घरच्यांचीच. बाई आजारी पडली तर बदली कोण येणार, नर्सचा नोंदणी क्रमांक काय, पोलीस पडताळणी झाली आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

जर्मनीइतके दूर पाहायलाही नको. केरळात २००८पासून उपशामक शुश्रूषेचे राज्य धोरण आहे, आणि पंचायतींच्या आधाराने नर्स अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. तुये, कासारवर्णे, डिचोली, साखळी, मये इथे आपलीही आरोग्य केंद्रे उभी आहेत. प्रत्येक केंद्राने गावातल्या दहा-पंधरा बायकांना मावशीचे काम शिकवावे, त्यांची नोंद ठेवावी आणि ठरलेल्या दिवशी नर्सला घरी पाठवावे. पुढच्या ग्रामसभेला जाणार असाल तर गटार-रस्त्यांच्या यादीत हा एक ठराव जोडा, आणि तो लिहिताना आपल्या वाड्यावर अंथरुणाला खिळलेली माणसे किती आहेत, तो आकडा मोजून त्यात घाला.