कामांची यादी कोठें ठेवावी?

मनुष्याच्या स्मरणशक्तीची थोरवी आपल्याकडे फार गाइली गेली आहे. ज्या परंपरेंत वेदवाङ्मय कित्येक शतकें केवळ कंठांत राहिलें, त्या परंपरेंतील मनुष्यास विजेच्या देयकाची तारीख लक्षांत राहत नाहीं, असें म्हणावयास थोडा संकोच वाटतो. परंतु वेदपठण करणाऱ्यास पद, क्रम, जटा, घन अशा पाठांचा आधार होता. आठवण ढळूं नये म्हणून मुद्दाम बांधलेली ती एक यंत्रणाच होती. आपल्या नित्याच्या कामांस तशी यंत्रणा आपण क्वचितच बांधतों, आणि मग विसरल्याचा दोष स्मृतीला देतों.

याच विषयावर या वेळीं एक प्रश्न आला आहे. लिहिणाऱ्या भगिनी धाराशिव जिल्ह्यांतील असून घरीं सासूसासरे, दोन भाऊ व त्यांचीं बायकामुलें असें अकरा माणसांचें एकत्र कुटुंब आहे. शिवाय घरचा खव्याचा धंदा आहे. त्या विचारतात कीं, मोबाईलवर कामांची यादी ठेवण्याचीं जीं नाना ॲप्स निघालीं आहेत, त्यांपैकीं घरासाठीं कोणतें घ्यावें, धंद्यासाठीं कोणतें घ्यावें, कीं दोहोंस मिळून एकच पुरे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो आधीं सोडविल्यावांचून पहिल्याचें उत्तर मिळावयाचें नाहीं. तो प्रश्न असा: यादी कोणाची?

आपल्या वडीलधाऱ्यांनीं हा भेद चांगला ओळखला होता. पेढीवर कीर्द निराळी आणि खतावणी निराळी. कीर्दींत दिवसाचा व्यवहार घडेल तसा उतरत जावयाचा. खतावणींत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या नांवाखालीं मांडावयाचा. पेशव्यांच्या दप्तरांतील रोजकीर्दी तर प्रसिद्धच आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनीं त्यांतून निवडलेले उतारे छापले गेले, म्हणूनच अठराव्या शतकांतला कारभार कसा चाले हें आज आपणांस वाचतां येतें. घरांत पाहावें, तर 'कालनिर्णय' ही दिनदर्शिका १९७३ सालीं निघाली, भिंतीवर आली, आणि तिच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याचा दिवस, मोलकरणीची रजा हीं आपोआप येऊन बसलीं. तिला कोणी ॲप म्हटलें नाहीं. पण येतां-जातां घरांतील प्रत्येकास दिसणारी ती यादीच होती. यांपैकीं प्रत्येक साधनाचा धनी कोण आणि वाचक कोण, हें ठरलेलें असे.

यादी मुळांत लिहावी तरी कां, हेंही थोडक्यांत पाहूं. ब्लूमा झायगार्निक या विदुषींनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, अर्ध्यावर सोडावें लागलेलें काम माणसाच्या अधिक लक्षांत राहतें. पुढें २०११ सालीं मॅसिकॅम्पो व बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, राहिलेलें काम केव्हां व कसें करावयाचें याचा निश्चित बेत ठरला, म्हणजे तें पुरें झालेलें नसतांही त्याची टोचणी कमी होते. यांतला बोध असा कीं, यादींत नुसतें 'विमा' असें लिहूं नये. 'सोमवारीं अकरा वाजतां केंद्रावर जाऊन पीकविमा भरणें' असें लिहावें. कोणतेंही ॲप घेतलें तरी ही लेखनाची शिस्त तें आपणांस देणार नाहीं. ती आपली आपणच लावून घ्यावयाची असते.

आतां प्रथम एकट्याची यादी घेऊं. विद्यार्थी, नोकरदार, लेखक, ज्याचें काम त्याचें त्यानेंच करावयाचें आहे, अशांसाठीं साधें साधन उत्तम. गूगल टास्क्स हें २०१८ सालीं स्वतंत्र ॲप म्हणून आलें. ज्याचें जीमेलचें खातें आहे त्यास तें विनामूल्य मिळतें, आणि तारीख घातलेलें काम गूगलच्या कॅलेंडरांतही दिसतें. त्यांत पसारा नाहीं, हाच त्याचा गुण. मायक्रोसॉफ्टचें 'टू डू' २०१७ सालीं निघालें. त्यांत 'माय डे' नांवाचें एक पान आहे. तें रोज मध्यरात्रीं कोरें होतें. काल राहिलेलीं कामें मूळ यादींत तशींच असतात, परंतु आजच्या पानावर तीं आपण स्वतः उचलून ठेवावीं लागतात. रोज सकाळीं पांच मिनिटें बसून दिवसाचीं कामें निवडण्याची संवय या रचनेनें लागते. टूडूइस्ट २००७ पासून चालू आहे. त्यांत यादीच्या पोटीं यादी करतां येते, कामाच्या महत्त्वाच्या चार पायऱ्या लावतां येतात, आणि इंग्रजींत 'एव्हरी मंडे' असें नुसतें लिहिलें तरी तें वार ओळखतें. ज्याच्यापाशीं कामांचा गुंता आहे त्यास तें उपयोगी; ज्याचीं चारच कामें आहेत त्यास तेंच ओझें होईल.

घरची यादी मात्र एकट्याची नसते, आणि खरी अडचण येथेंच आहे. ती यादी एकाच डोक्यांत असते, आणि तें डोकें बहुधा घरांतील एका स्त्रीचें असतें. आमच्या परिचयाच्या एका घरीं थोरल्या सूनबाई पाय मोडून तीन आठवडे रुग्णालयांत होत्या. घरांत पैसा होता, माणसें होतीं, मायाही होती. तरी सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस चुकल्या. गोळ्यांची पट्टी संपत आली कीं नवी आणावयाची, हें काम त्या बाईंवांचून कोणाच्याच कामांत मोडत नव्हतें. म्हाताऱ्यांस चक्कर येऊन ते पडले, तेव्हां शोध लागला. कोणी कुचराई केली होती असें नाहीं. जें कोणीं लिहिलें नव्हतें तें कोणास दिसलें नव्हतें, एवढेंच.

अशा घरास गूगल कीप किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू यांपैकीं एक पुरें आहे. कीप २०१३ सालीं निघालें. त्यांतील एकच यादी अनेकांच्या मोबाईलवर उघडतां येते. किराण्यांतला हिंग एकानें आणला आणि खूण केली, कीं ती सर्वांस दिसते. टू डू मध्यें वाटून घेतलेल्या यादींतलें काम अमक्यानें करावें असें नेमूनही देतां येतें. औषधांसारख्या कामांस हें नेमून देणें फार उपयोगाचें आहे. घरच्या व्हॉट्सॲप समूहावर 'कोणीतरी गोळ्या आणा' असें लिहिणें म्हणजे यादी नव्हे. तो निरोप घटकाभरांत सुप्रभातच्या फुलांखालीं दडून जातो, आणि 'कोणीतरी' या नांवाचें माणूस कोणत्याच घरांत राहत नाहीं. तसेंच, यादी सर्वांस दिसूं लागली आणि कामें मात्र त्याच बाईंनीं केलीं, तर त्यांच्या ओझ्यांत यादी भरण्याच्या एका नव्या कामाची भर पडली, इतकेंच होईल.

आपल्या घरांपुरती आणखी एक अडचण आहे. या ॲप्सना 'दरवर्षीं' असें सांगितलें कीं तीं इंग्रजी तारीख धरून बसतात. तिथि त्यांस कळत नाहीं. घटस्थापना २०२३ सालीं १५ ऑक्टोबरला होती, २०२४ सालीं ३ ऑक्टोबरला, आणि २०२५ सालीं २२ सप्टेंबरला. २०२३ सालीं श्रावण अधिक आला, म्हणून त्यापुढचे सगळेच सण लांबले. तुळजापुरांत ज्यांचें दुकान किंवा खोल्या नवरात्रावर अवलंबून आहेत त्यांस, आणि ज्यांच्या घरीं वडिलांचें श्राद्ध तिथीनें होतें त्यांस, ही गोष्ट लहान नाहीं. उपाय सोपा आहे. नवें पंचांग आलें, कीं पाडव्याच्या सुमारास अर्धा तास बसावें आणि त्या वर्षाचीं श्राद्धें, कुळधर्म, व्रतें यांच्या तारखा एकदांच यादींत घालाव्या. हें काम घरांतील वडील माणसानें सांगावें आणि नातवंडानें लिहावें; दोघांसही त्याचा लाभ आहे.

धंद्याची यादी याहून निराळी. आपल्या जिल्ह्यांत भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. तेथें दूध वेळेवर यावें लागतें, तें आटवावें लागतें, माल बाहेरगांवीं नेणारी गाडी गांठावी लागते. एकाचें काम अडलें कीं पुढच्या तिघांचें अडतें, आणि नासणारा माल कोणासाठीं थांबत नाहीं. अशा ठिकाणीं यादींत तीन गोष्टी असाव्या लागतात: काम कोणाचें, तें केव्हांपर्यंत व्हावयाचें, आणि झाल्याची खूण कोणीं केली. ट्रेलो हें साधन २०११ सालीं निघालें व २०१७ सालीं ॲटलासियन या कंपनीनें तें घेतलें. त्याची रचना पाटीसारखी आहे. 'करावयाचें', 'चालू' आणि 'झालें' असे उभे रकाने आंखावयाचे, आणि प्रत्येक कामाची चिठ्ठी एका रकान्यांतून दुसऱ्यांत सरकवावयाची. जपानांतील टोयोटाच्या कारखान्यांत 'कानबान' म्हणून ज्या चिठ्ठ्यांची पद्धति रुजली, तिचेंच हें वंशज. काम कोठें अडलें आहे हें मालकास न विचारतां दिसतें. असाना व चेन्नईच्या झोहोचें 'प्रोजेक्ट्स' हीं याहून मोठ्या व्यापासाठीं. सात-आठ माणसांच्या भट्टीस ट्रेलोची विनामूल्य पाटी बहुधा पुरेल. वस्तु व सेवा कराचें विवरण दरमहा भरणाऱ्यास जीएसटीआर-१ सामान्यतः ११ तारखेपर्यंत व ३-बी २० तारखेपर्यंत भरावें लागतें. अशीं ठरलेलीं कामें दरमहा आपोआप पुन्हा उभीं राहतील अशीं लावून ठेवावीं.

परंतु अनेकांची यादी नुसती ठेवून भागत नाहीं. ती एकत्र वाचावी लागते. याचा धडा एका मराठी घराण्यांतील शस्त्रवैद्यांनीं जगास दिला आहे. डॉ. अतुल गावंडे यांचा जन्म अमेरिकेंतला, पण त्यांचें घराणें यवतमाळ जिल्ह्यांतील उटी गांवचें. जागतिक आरोग्य संघटनेसाठीं त्यांच्या नेतृत्वाखालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं वाचावयाची एकोणीस कलमांची यादी तयार झाली. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यांत दिल्लीही होती. जानेवारी २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें आणि मोठ्या गुंतागुंतींचें शेंकडा ११ वरून ७ वर. त्या यादींतील एक कलम असें आहे कीं, सुरी लावण्यापूर्वीं खोलींतील प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें. पुढें कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांतल्या शंभराहून अधिक रुग्णालयांची पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली; तेथें यादी लागू केल्यावर असा ठळक फरक दिसला नाहीं. यादी लागू होणें आणि ती मनापासून वाचली जाणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, असें त्यावर जाणत्यांनीं म्हटलें. भट्टी उघडतांना पांच मिनिटें सर्वांनीं पाटीसमोर उभें राहून ती वाचावी. त्यावांचून पैसे देऊन घेतलेलें ॲपही तसेंच पडून राहील.

आतां मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. घर आणि धंदा यांस एकच यादी नसावी. सासूबाईंच्या तपासणीची तारीख मुनिमानें वाचण्याचें कारण नाहीं, आणि उद्यांच्या मालाचा भाव शाळकरी मुलाच्या मोबाईलवर असूं नये. शिवाय नोकर काम सोडून जातो तेव्हां त्यास धंद्याच्या यादींतून त्याच दिवशीं काढतां आलें पाहिजे. घरच्या यादींत त्याला घेतलेलें असेल तर तें अवघड होतें.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. वुंडरलिस्ट नांवाचें बर्लिनच्या कंपनीचें एक लोकप्रिय ॲप होतें. २०१५ सालीं तें मायक्रोसॉफ्टनें विकत घेतलें आणि मे २०२० मध्यें बंद केलें. याद्या 'टू डू' मध्यें हलविण्याची सोय दिली होती. ज्यांनीं वेळेवर हलविल्या त्यांचें निभावलें. परक्याच्या कोठारांत धान्य ठेवावयाचें, तर तें परत कसें काढावयाचें हें आधीं विचारून घ्यावें. म्हणून ॲप निवडतांना यादी बाहेर काढतां येते कीं नाहीं तें पाहावें, आणि औषधें, विमा, कर यांसारखीं मोडतां न येणारीं कामें महिन्यांतून एकदां साध्या वहींत उतरून ठेवावीं. ज्याच्या मोबाईलवर घरची यादी आहे तो उद्यां आजारी पडला, तर ती दुसऱ्या कोणास उघडतां आली पाहिजे. बँकेचा गुप्त क्रमांक मात्र यादींत कधींही लिहूं नये.

तेव्हां प्रश्नकर्त्या भगिनींस आमचें उत्तर असें: घरासाठीं कीप किंवा टू डू, भट्टीसाठीं ट्रेलो, आणि स्वतःपुरतें जें हाताला सोपें लागेल तें. एक पंधरवडा वापरून पाहावें. तेवढ्या काळांत जें कोणी उघडूनच पाहत नाहीं तें सोडून द्यावें. पण ॲप उतरवून घेण्यापूर्वीं एका संध्याकाळीं सर्व कुटुंबानें एकत्र बसावें. आपण आपल्या डोक्यांतील सगळीं कामें एकेक करून सांगावीं, आणि तीं दुसऱ्या कोणीतरी लिहून घ्यावीं. लिहिणारा घरांतील पुरुष असल्यास उत्तमच. मग प्रत्येक कामापुढें एकेक नांव घालावें. सर्व कामांपुढें एकच नांव आलें, तर ती वाटणी त्याच बैठकींत बदलावी, आणि मगच मोबाईल हातीं घ्यावा.