चमचाभर म्हणजे नेमके किती?

स्वयंपाकघरात अंदाजाला मान आहे. चिमूटभर हिंग, मूठभर तांदूळ, वाटीभर डाळ या मापांवर आपल्या कित्येक पिढ्या सुखाने जेवल्या. सोने घेताना मात्र आपण सोनाराच्या काट्यावरून नजर हलू देत नाही. औषध मोजताना आपली वृत्ती यांपैकी कोणती असते? घरातल्या ज्या चमच्याने मुलाला तापाचे औषध पाजता, तो घ्या आणि सिरिंजने मोजून त्यात पाणी भरा. कोणाच्या चमच्यात तीन मिलीलिटर मावेल, कोणाच्या सात. डॉक्टर ‘एक चमचा’ म्हणतात तेव्हा त्यांना पाच मिलीलिटर अभिप्रेत असतात.

मात्र मिलीलिटर अचूक मोजले म्हणजे काम संपले, असे नाही. औषध किती मिलिग्रॅम पोटात गेले, हा खरा प्रश्न. लहान मुलांचे पॅरासिटामॉल आपल्याकडे दोन रूपांत मिळते. ड्रॉप्सच्या एका मिलीलिटरमध्ये बहुधा 100 मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या पाच मिलीलिटरमध्ये 125 किंवा 250. तान्ह्या बाळाची बाटली छोटी, म्हणून औषधही सौम्य असणार, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आठ किलोच्या बाळाला डॉक्टरांनी 120 मिलिग्रॅम सांगितले, तर ड्रॉप्समधून ते 1.2 मिलीलिटर होते आणि 125च्या सिरपमधून जवळजवळ पाच. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात, रात्रीचे दोन वाजलेले, दिवा मंद. सिरप समजून पाच मिलीलिटर ड्रॉप्स पाजले गेले, तर मोठ्या माणसाच्या गोळीइतके, म्हणजे 500 मिलिग्रॅम औषध त्या जिवाच्या पोटात जाते. ही चूक दर सहा तासांनी दोन-तीन दिवस होत राहिली, तर बाळाच्या यकृतावर बेतू शकते.

म्हणून डॉक्टरांना फोन करताना ‘किती चमचे देऊ?’ असे विचारू नका. बाटली हातात धरून लेबलावर किती मिलीलिटरमध्ये किती मिलिग्रॅम लिहिले आहे ते वाचून दाखवा आणि बाळाचे वजन सांगा. औषध त्याच बाटलीबरोबर आलेल्या ड्रॉपरने वा मापाच्या झाकणानेच मोजा. सर्वांत उत्तम ती बिनसुईची सिरिंज. मात्र तिचे पुढचे छोटे टोपण आधी काढून दूर ठेवा, ते बाळाच्या घशात अडकू शकते.

वजनाचेही तसेच. मोठ्यांच्या काट्यावर अर्ध्या किलोची चूक साठ किलोच्या माणसाला जाणवतही नाही; पाच किलोच्या बाळाच्या बाबतीत ती दहा टक्के होते. बाळाला बाळाच्याच काट्यावर तोलावे.

तापाविषयी थोडक्यात. ‘38 ताप आहे’ आणि ‘100.4 ताप आहे’ ही दोन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात. एक सेल्सिअसमध्ये, दुसरे फॅरेनहाइटमध्ये. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो. तेव्हा आकड्यासोबत एकक आणि जागा, दोन्ही टिपून ठेवा. परदेशातल्या मुलांनी प्रेमाने पाठवलेल्या ग्लुकोमीटरचीही हीच गंमत. इंग्लंडमधल्या यंत्रावर 9 दिसले की घरात साखरेची वाटी घेऊन धावपळ सुरू होते. ते 9 मिलिमोल असतात. 18 ने गुणले की आपल्या ओळखीचे 162 मिलिग्रॅम येतात.

सर्वांत जपायचे ते इन्शुलिन. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांमध्ये मिलीलिटरला 40 युनिट असतात आणि त्यांच्यासाठीच्या सिरिंजची टोपी लाल असते. मिलीलिटरला 100 युनिट असलेल्या इन्शुलिनची सिरिंज निराळी; तिची टोपी केशरी. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींची साखर काही केल्या उतरेना. पथ्य चोख, वेळा चोख. पिशवीतून सिरिंज काढायला सांगितली, तर टोपी केशरी! कुपी मात्र 40ची. वीसच्या खुणेपर्यंत भरूनही शरीरात जात होते फक्त आठ युनिट. उलट प्रकार याहून भयंकर: पेनच्या 100च्या काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत इन्शुलिन ओढले, तर पन्नास युनिट जातात. पेनमधले इन्शुलिन सिरिंजने कधीही काढू नये.

आज घरातली कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचे आकडे जुळतात का, ते पाहा. जुळत नसतील, तर परस्पर सिरिंज बदलून तीच खूण चालू ठेवू नका. चुकीच्या सिरिंजमुळे साखर वाढलेली असताना कोणी मात्रा वाढवून दिली असेल, तर योग्य सिरिंजमध्ये तीच मात्रा साखर एकाएकी खाली आणील. पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.