परसातला ओटा आणि बावखलांचा धडा

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय झाला, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि लोकलसेवा कोलमडली. त्यानंतर नाले, खाड्या आणि भराव यांवर पुष्कळ चर्चा झाली. घरामागच्या परसाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

वसईच्या वाड्यांतील बावखले पावसाचे पाणी साठवीत, जमिनीत मुरवीत आणि उन्हाळ्यात बागायतीला पुरवीत. त्यांतील अनेक बुजली. उरल्या परसावर आता बैठकीसाठी सिमेंटचा कोबा घातला जातो. १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास २० चौरस मीटर कोब्यावरील सुमारे २,००० लिटर पाणी मुरण्याऐवजी वाहून गटारात जाते.

बैठक हवीच असेल, तर 'डेक' म्हणजेच जमिनीपासून उचललेला फळ्यांचा ओटा अधिक शहाणपणाचा. तो काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभारावा, फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट ठेवावी आणि खालची माती उघडी राहू द्यावी. लाकूड मातीला टेकले नाही, तर वाळवी व कुज यांना आळा बसतो. खाऱ्या हवेत साध्या खिळ्यांपेक्षा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू टिकतात. सागवान महाग पडते, दरवर्षी देखभालही लागते, हे खरे. परंतु कोबा स्वस्त वाटतो तो त्याची उरलेली किंमत सखल भागातील शेजारी मोजतात म्हणून.

२००९ साली स्थापन झालेल्या महापालिकेने नाले रुंद करावेतच; त्याबरोबर माती उघडी ठेवणाऱ्या घरांना मालमत्ता करात सवलत देण्याचाही विचार करावा. पाणी मुरण्याची उरलीसुरली जागा आता घरमालकांच्याच हाती आहे.