काकाजी, तिकीट काढा लागते

गावच्या नाटकाची तारीख ठरली. परवा रात्री पुतण्याचा फोन आला तो हेच सांगायला. "काकाजी, पटाच्या दिवशीच ठेवलं बरं. वडशाले जाऊन बयाना देऊन आलो." कंपनी कोणती म्हणून विचारलं, त्याने नाव सांगितलं. नाटक कोणतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ते अजून ठरलं नाई."

पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात काहीतरी उलटंपालटं झाल्यासारखं वाटेल. आमच्याकडे क्रम हाच. आधी तारीख, मग कंपनी, मग हिरॉइन कोण आणि विनोदी नट कोण, आणि नाटकाचं नाव पोस्टर छापायला टाकायच्या आदल्या दिवशी. नावात 'कुंकू', 'रक्त', 'माय' किंवा 'सूड' यांपैकी एखादा शब्द असला म्हणजे काम भागतं. निदान आमच्या मंडळाचं तरी आजवर भागलं आहे.

वैनगंगेच्या दोन्ही अंगांना भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असा जो धानाचा आणि जंगलाचा मुलूख आहे, त्याला झाडीपट्टी म्हणतात. इथला नाटकाचा हंगाम भाऊबीजेला उघडतो आणि होळीपाशी मिटतो. दिवाळीनंतर मंडया भरतात, धान कापून होतं, पुंजणी पडतात, हातात चार पैसे येतात आणि रात्री थंड होऊ लागतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. या सगळ्याची बाजारपेठ म्हणजे वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर आणि आमच्या तोंडी वडसाच. दसरा आटोपला की गावोगावचे मंडळवाले मोटारसायकलींवर डबलसीट बसून वडशाला निघतात आणि कंपन्यांच्या ऑफिसांतून तारखा धरतात. यंदा आमच्या मंडळाने कंपनीला किती कबूल केले, तो आकडा मी इथे छापत नाही. शेजारच्या गावाची घासाघीस अजून चालू आहे, आणि त्यांच्याकडेही हा पेपर जातो.

झाडीपट्टीवर शहरातून लिहिलं जातं तेव्हा बहुतेक वेळा कलावंतांवर लिहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका हे आकडे सगळीकडे छापून आले. वाचून नागपुरातले माझे मित्र चक्रावले. मला त्यातलं पहिलं काय आठवलं असेल तर ते पाच हजार मांडव. प्रयोग पाच हजार, म्हणजे कोणीतरी तितक्या वेळा बांबू रोवले, तितक्या वेळा कनाती ताणल्या आणि रात्री दोन वाजता कलाकारांना चहा नेऊन दिला. मोठ्या शहरात नाटकाला निर्माता असतो, त्याचं नाव जाहिरातीत येतं. झाडीपट्टीत त्या रात्रीपुरतं गावच निर्माता होतं. कंपनी नाटक घेऊन येते, ठरलेले पैसे घेते आणि पहाटे पुढच्या गावाला जाते. तिकिटं विकायची गावाने. उरले तर देवळाच्या सभामंडपाला किंवा शाळेच्या भिंतीला. नाही उरले तर मंडळाच्या पोरांनी आपसांत वाटून घ्यायचे.

हे वाटून घेणं मी घरात पाहिलं आहे. मी सहावी-सातवीत असताना ऐन नाटकाच्या रात्री अवकाळी पाऊस आला. दुसऱ्या अंकात मांडवाचं कापड फुगलं, मग एका कोपऱ्यातून पाण्याची धारच लागली. लोक उठले, काहींनी तिकिटाचे पैसे परत मागितले, आणि आमच्या बाबांनी ते दिले. पुढच्या आठवड्यात घरातले धानाचे कट्टे बंडीत चढताना मी मोजले होते. आई काही बोलली नाही, पण तिने त्या महिन्यात बाबांशी जेवढ्यास तेवढंच बोलणं ठेवलं. पुढच्या वर्षी मंडळाची बैठक आमच्याच ओसरीवर बसली, आणि अध्यक्ष म्हणून बाबाच.

परवा मी पुतण्याला गेल्या वर्षीच्या हिशोबाच्या वहीचे फोटो पाठवायला सांगितले. शाळेची दोनशे पानी वही, मुखपृष्ठावर मोराचं चित्र. मांडव, लाइट, जनरेटर, कलाकारांचं जेवण, भोंग्याच्या जीपचं डिझेल, परवानगीच्या अर्जाच्या झेरॉक्स. आणि मग: शाली २७, नारळ २७, हार ३०. तीन हार जास्तीचे का, तर ऐनवेळी कोणी पुढारी टपकला तर असावेत म्हणून.

या सत्तावीस शालींची गोष्ट सांगायला हवी, कारण झाडीपट्टीचं अर्धं अर्थशास्त्र तिथे आहे. आमच्या नाटकाच्या पोस्टरवर नटांचे फोटो असतातच, पण त्याहून जास्त जागा खातात ते उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी. आमदारापासून कृषी केंद्रवाल्यापर्यंत आणि भातगिरणीच्या मालकापासून नव्याने नोकरीला लागलेल्या गुरुजीपर्यंत सगळे त्यात असतात. प्रत्येकाने काहीतरी दिलेलं असतं. कोणी रोख, कोणी तांदळाचा कट्टा, कोणी जनरेटर. कोणी नुसताच शब्द. 'सहउद्घाटक' हे पद व्याकरणात बसत नसेल, पण मांडवाचा खर्च त्यातून निघतो. गेल्या वर्षी सत्कार संपायला साडेबारा वाजले. पहिल्या रांगेतली लहान पोरं झोपून गेली, विनोदी नट मिशी लावून विंगेत जांभया देत उभा होता. मी वैतागून पुतण्याकडे पाहिलं, तर तो बोटांवर शाली मोजत होता.

हे बंद करा असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. फक्त भाषणं बंद करावीत. शाल घ्यावी, नमस्कार करावा आणि खाली उतरावं. निवडणुकीचं वर्ष असलं की हे सांगण्यात काही अर्थ नसतो.

पण ज्यांचं नाव पोस्टरवर कधीच येत नाही, असे आश्रयदाते गावात घरोघर आहेत. नाटकाच्या दिवशी आमच्या घरी वीस-बावीस पाहुणे असतात. सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, पट पाहायला आलेले, पोरगी पाहायला आलेले. अर्ध्या झाडीपट्टीची लग्नं अशाच रात्री जुळली आहेत, माझं धरून. माझी वहिनी सकाळपासून चुलीपुढे असते. उडदाची डाळ वाटणं, वडे तळणं, मोठ्या गंजात वांग्याची भाजी, आणि चहाचा गंज तर दिवसभर उतरतच नाही. पाहुणे जेवून मांडवाकडे गेले की ती आणि शेजारची भाची भांडी घासतात, दाराला कडी लावतात आणि शाल डोक्यावरून घेऊन निघतात. तोवर पहिला अंक गेलेला असतो. एकदा मी तिला विचारलं, वहिनी, सुरुवात न पाहता गोष्ट कळते कशी? म्हणाली, "भाऊजी, सुरुवात का पाहाची? कोनीतरी कोनाले तरी घराबाहेर काढलं राह्यते. आपन जावाचं त कायची शिक्षा भेटते ते पाह्याले." नाट्यशास्त्रावरची माझी चार पुस्तकं त्या एका वाक्यापुढे मला महाग वाटली.

सगळंच गोड आहे असंही नाही. एका नटाशी माझी ओळख आहे, हंगामात जवळजवळ रोज एका गावात प्रयोग आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी. रात्रभर काम, पहाटे गाडीत झोप, दुपारी पुढचं गाव. नाटकाच्या तालमीला वेळ कुठला. आडोशाला बसलेला प्रॉम्प्टर संवाद पुरवतो, आणि पुढच्या रांगेतली पोरं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकतात. तो सांगत होता, एका गावात गर्दी कमी झाली म्हणून मंडळवाल्यांनी कंपनीचे निम्मे पैसे 'उद्या देतो' म्हणून ठेवून घेतले. तो उद्या दोन हंगाम झाले तरी उजाडला नाही. कंपनीचे बुडाले की नटाचे बुडतात, कारण कलाकाराला करार वगैरे काही नसतो, सगळं तोंडी. गाव निर्माता असतं हे मी कौतुकाने लिहिलं, पण पैसे बुडवणारा निर्माता शहरात असो की धानाच्या शेतात, तो बुडवाच.

हंगामावर संकटंही कमी आली नाहीत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि आमच्या गावचा शंकरपट बसला. पट नाही तर पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर रात्री मांडव अर्धा रिकामा. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत सात हिवाळे गेले, त्यातला शेवटचा करोनाने तसाही गिळलाच होता. पट सुरू होतोय म्हणेपर्यंत वाघाची दहशत बसली. वडसा वनविभागात सीटी-१ नावाच्या वाघाने माणसं मारली, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला पकडलं, पण भीती काही पिंजऱ्यात गेली नाही. पूर्वी शेजारच्या गावची माणसं टेंभे नाहीतर बॅटऱ्या घेऊन रानवाटेने पायी यायची. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात किंवा येतच नाहीत. शिवाय ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. आणि आमचं नाटक उघडतंच दहानंतर! दरवर्षी तालुक्याच्या ठिकाणी अर्ज जातो, मग दुसरा अर्ज, मग कोणाची तरी ओळख निघते.

राहिला दर्जाचा प्रश्न. शहरातले लोक हमखास विचारतात, त्यात ते नाच असतात ना? असतात. दोन प्रवेशांच्या मधे हिंदी गाण्यावर पोरी नाचतात, मागून शिट्ट्या येतात. मला ते आवडत नाही आणि ते वाढत चाललंय हेही खरं. दंडार आणि खडी गंमत यांच्या मातीतून उगवलेल्या रंगभूमीला ऑर्केस्ट्राची ठिगळं शोभत नाहीत. पण गेल्या वर्षी त्याच मांडवात, तो नाच संपून पाच मिनिटंही झाली नव्हती तेव्हा, दारुड्या नवऱ्याने मंगळसूत्र मागण्याचा प्रवेश आला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी निम्मे तरी त्या बंदीला न जुमानता आले होते. त्या प्रवेशाला मागे कोणी शिट्टी मारली नाही. बायांच्या बाजूला नुसती पदरांची हालचाल. एक म्हातारी उठून स्टेजकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "देऊ नोको वो बाई!" नटीने एक क्षण थांबून तिच्याकडे पाहिलं, आणि मंगळसूत्र दिलं नाही. प्रॉम्प्टर खालून दोनदा ओरडला. पुढचं दहा मिनिटांचं नाटक तिने मनाने निभावलं.

तर यंदाचं. पुतण्याला म्हटलं, मी येतो, माझ्यासोबत नागपूरचे चार मित्र येतील, पुढच्या खुर्च्यांचे पास ठेव. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "काकाजी, पास कोनालेच नाई. तिकीट काढा लागते. मागल्या वर्षी आपल्याच लोकायनं फुकट पाहून मंडळाले खड्ड्यात घातलं." मी जरा दुखावलो. सत्तावीस शालींतली एक माझी होती आणि तिच्या बदल्यात मी काय दिलं होतं, हे आठवायचा प्रयत्न केला. 'शुभेच्छा' दिल्या होत्या. वहीत माझ्या नावापुढे आडवी रेघ आहे.

पाच तिकिटांचे पैसे त्याच रात्री मोबाइलवरून पाठवले. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये गेज बदलायला बंद झाली तेव्हापासून मी एसटीनेच जातो, यंदाही तसाच जाणार. नागपुरात, पुण्यात, मुंबईत बसलेले झाडीपट्टीचे पुष्कळ लोक हे सदर वाचतात. तुमच्याही गावची तारीख एव्हाना ठरली असेल. फोन करून विचारा, जा, आणि तिकीट काढून आत बसा. पोस्टरवर दहाची वेळ असेल, बारापर्यंत काही सुरू होत नाही. घोंगडी सोबत न्या, दोनच्या सुमारास फार थंडी पडते.