कणा कोणाचा मोडतो?

मणक्याच्या शस्त्रक्रियेने केलेली प्रगती थक्क करणारी आहे, याबद्दल दुमत नाही. सरकलेली गादी नसेवर दाबते म्हणून पाय दुखतो व बधिर होतो, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले. १९७७ साली सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लहानशा छेदातून ती गादी काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आज दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी चालू लागतो. या प्रगतीचे गोडवे गाणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे : चालू लागतो तो कोण?

अलिबाग तालुक्यात पाठ कोणाची मोडते ते पाहा. जाळे ओढणाऱ्या खलाशाची, मासळीची पाटी डोक्यावर वाहणाऱ्या कोळणीची, पांढऱ्या कांद्याच्या वाफ्यांत दिवसभर वाकून राबणाऱ्या शेतमजूर बाईची. डॉक्टर सांगतात, "ओझे उचलू नका, विश्रांती घ्या." सल्ला शास्त्रशुद्ध आहे, पण विश्रांतीच्या दिवसाची मजुरी कोण देणार? गादी सरकलेले बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत बरे होतात. म्हणजे कित्येकांचे खरे औषध सहा आठवड्यांची भरपगारी रजा हेच आहे, आणि नेमके तेच औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली माणसाने वाहावयाच्या ओझ्याविषयी करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा धरली असून स्त्रियांसाठी ती पुष्कळ कमी असावी असे म्हटले आहे. भारत सरकारने २०१० साली या कराराला मान्यता दिली. पण बंदरावरचा तराजू मासळीसाठी असतो. बाईच्या डोक्यावरचे ओझे कोण तोलतो?

दुसरा शत्रू क्षयरोग. हाडांच्या क्षयापैकी सुमारे निम्मा मणक्यात होतो. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप, घटते वजन ही त्याची लक्षणे. बनारसचे डॉ. तुली यांनी १९७५ साली दाखवून दिले की, यातील बहुसंख्य रुग्ण औषधांनीच बरे होतात; शस्त्रक्रिया मोजक्यांनाच लागते. ही औषधे सरकार फुकट देते. तरीही निदान उशिरा झाले, तर मणका खचतो, कुबड येते, पाय लुळे पडतात. २०२५ पर्यंत क्षयरोग हटविण्याची घोषणा राज्यकर्त्यांनी केली होती. ते वर्ष सरले. क्षय मात्र सरला नाही.

काही दुखण्यांत तर तासांचा हिशोब असतो. कमरेखालचा भाग बधिर झाला, लघवी अडली, तर शस्त्रक्रिया तातडीने व्हावी लागते. अशा वेळी रुग्णाला मुंबईला न्यायचे म्हटले, तर पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद आणि वडखळमार्गे सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता! धनिकांचे बंगले समुद्र ओलांडून अलिबागला आले. मुंबईचे शल्यविशारद मात्र समुद्रापलीकडेच राहिले.

आरोग्य योजनेचे काय, असे विचारले जाईल. ती २०१२ साली राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. शस्त्रक्रियेचा खर्च ती उचलते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती प्रामुख्याने इस्पितळात दाखल झाल्यावर धावून येते. त्याआधीची वणवण आणि बुडालेली मजुरी रुग्णाच्याच माथी राहते. कापण्यासाठी पैसा आहे, ओळखण्यासाठी व टाळण्यासाठी नाही, ही खाजगी इस्पितळांना सोयीची आणि श्रमिकांच्या गैरसोयीची नीती आहे.

अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची किंमत इमारतीवरून ठरणार नाही. चोवीस तास विनामूल्य एम.आर.आय., मणक्याच्या शस्त्रक्रियेचे पूर्णवेळ पथक, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मणक्याच्या क्षयाची वेळीच ओळख, ओझ्याच्या मर्यादेची अंमलबजावणी आणि आजारपणातील मजुरी या पाच मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगाव न्याव्यात.

याच तालुक्यात १९३३ साली चरीच्या कुळांनी संप पुकारला आणि जवळजवळ सहा वर्षे खोतांपुढे मान तुकवली नाही. त्यांच्या नातवंडांनी आज उपचारासाठी कोणापुढे हात पसरावेत, हे आम्हांस मान्य नाही. श्रमिकाचा कणा शाबूत राखणे हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.