काचेच्या पेटीतील लेकरू

भोपाळ शहरातील इंद्रपुरी ह्या वसाहतीतून आम्हांस गेल्या महिन्यात एक पत्र आले. लिहिणारा आमच्याच धर्मग्रामातील. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेला. त्याची पत्नी सहाव्या महिन्यातच बाळंत झाली. लेकरू जेमतेम ओंजळीएवढे. इस्पितळात त्यास काचेच्या पेटीत ठेवले व श्वास यंत्राने चालविला. अकराव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला, फुप्फुसेही थकली. तेव्हा डॉक्टरांनी दाराशी उभ्याउभ्याच सांगितले, "आशा उरलेली नाही. यंत्र ठेवायचे की काढायचे, ते तुम्ही ठरवा." दोन दिवसांनी बापाने मान हालविली. आता तो विचारतो, "फादर, आम्ही लेकराचा घात केला काय?"

नाही, हे उत्तर आधी लिहून टाकतो.

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे ह्याच श्वासयंत्राच्या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे; परंतु माणूस, स्थळ व काळ पाहता जे उपाय असाधारण ओझे ठरतात, ते केलेच पाहिजेत असे बंधन नाही, अशी त्यांची शिकवण. जीव घेणे वेगळे आणि निष्फळ झालेले यंत्र थांबविणे वेगळे. ह्या बापाने दुसरे केले, पहिले नव्हे.

तथापि पत्रातील एक वाक्य आमच्या मनातून जात नाही. पहिल्याच दिवशी दुसरे एक डॉक्टर म्हणाले होते, "एवढ्याशामागे कशाला लागता? तुमचे वय आहे, दुसरे होईल." तेव्हा तर आशा होती! कोणाची म्हातारी आई आजारी पडली असता तिच्या मुलास असे कोणी बोलेल काय?

ही वृत्ती एकट्या भोपाळची नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील नवजात शिशूंच्या डॉक्टर ॲनी जॅनव्हिए यांनी डॉक्टर व विद्यार्थी यांच्यापुढे आठ अत्यवस्थ रोग्यांचे प्रसंग ठेवून, कोणास आधी वाचवाल, असे विचारले. त्यांत एक होते अपुऱ्या दिवसांचे नवजात आणि एक मेंदूज्वर झालेले दोन महिन्यांचे बाळ. दोघांची जगण्याची आशा सारखीच सांगितली होती. तरी उत्तरे देणाऱ्यांनी नवजातास पुष्कळ मागे ढकलले. २००८ साली प्रसिद्ध झालेली ही गोष्ट वाचून आम्ही अस्वस्थ झालो. ह्या बाईंची स्वतःची मुलगी चोविसाव्या आठवड्यात जन्मली होती, हेही सांगितले पाहिजे.

डॉक्टरांना दोष देऊन आम्हांस मोकळे व्हावयाचे नाही. रात्रभर जागून वीस वीस लेकरांवर नजर ठेवणारे डॉक्टर व सिस्टर आम्ही पाहिले आहेत. आणि आमच्या घरांतून तरी काय बोलतात? "बारसे झाले नाही, त्याचे काय एवढे!" उलट गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ खेड्यांत गावच्याच बायांना शिकविले: बाळाचा श्वास मोजावा, ऊब द्यावी, जंतुदोष दिसताच इंजेक्शन द्यावे. इतर गावांशी ताडून पाहता तेथील नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली जगापुढे आले. त्या बायांजवळ यंत्रे नव्हती. हे लेकरू मोलाचे आहे एवढे त्यांनी आधी मानले होते.

तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आल्यास डॉक्टरांस बसवून घेऊन स्पष्ट विचारा: आशा किती, लेकरास वेदना किती, स्वतःचे असते तर तुम्ही काय केले असते? खर्चापायी आशा सोडू नका; सरकारी इस्पितळात आजारी नवजातास मोफत उपचार देण्याची योजना २०११ पासून आहे. आणि यंत्र काढले तरी लेकरू आईच्या छातीशी देण्याची मागणी करा.

इंद्रपुरीच्या त्या लेकरास आजीने शेवटच्या रात्री बाटलीतील पाण्याने स्नानसंस्कार दिला. निकडीच्या वेळी तो कोणीही देऊ शकतो. तिने ठेवलेले नाव तेथील धर्मग्रामाच्या वहीत नोंदवून घ्यावे, असे आम्ही बापास उलट टपाली कळविले आहे.