न्यायाच्या नांवाखालीं जकात

राज्यव्यवहारांत कांहीं शब्द असे असतात कीं, ते एकदां उच्चारले म्हणजे पुढें विचार करण्याची गरजच उरली नाहीं असें लोकांस वाटूं लागतें. 'डंपिंग' हा शब्द सध्यां त्या पदवीस पोंचला आहे. परदेशचा माल आपल्या मालापेक्षां स्वस्त पडतो अशी तक्रार एकाद्या कारखानदारानें केली, तर ऐकणारा निदान 'मग तुम्हीच कां स्वस्त विकीत नाहीं ?' एवढें तरी विचारील. पण तीच तक्रार 'आमच्या बाजारांत डंपिंग चाललें आहे' अशा शब्दांनीं केली कीं, प्रश्न विचारणाराच देशाचा वैरी ठरतो. परदेशी व्यापारी लबाड, आपला कारखानदार गांजलेला आणि जकात बसविणारें सरकार न्यायाधीश, अशी पात्रांची वांटणी पडदा वर जाण्यापूर्वींच झालेली असते. आमचें म्हणणें असें कीं, ही वांटणी खोटी आहे. डंपिंगविरोधी जकात ही बहुतेक प्रसंगीं साधी संरक्षक जकातच असते. फक्त तिनें न्यायाधीशाचा झगा पांघरलेला असतो. संरक्षणास आमचा सरसकट विरोध नाहीं. विरोध आहे तो या झग्यास.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. या जातीचा पहिला कायदा १९०४ सालीं कॅनडानें केला. १९४७ च्या गॅट करारांतील सहाव्या कलमानें त्या कल्पनेस आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि १९९५ सालीं जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हां तिचे सविस्तर नियम ठरले. आपल्याकडे १९७५ च्या सीमाशुल्क टॅरिफ कायद्यांतील ९-अ हें कलम व १९९५ चे नियम यांवर सर्व इमारत उभी आहे. चौकशी करून शिफारस करणारें खातें वाणिज्य मंत्रालयाचें, आणि जकात बसविण्याचा शेवटचा अधिकार अर्थ मंत्रालयाचा.

यांतील हिशेब वरवर पाहतां सोपा आहे. परदेशचा कारखानदार आपला माल स्वदेशांत १०० रुपयांस विकतो व आपल्याकडे ८० रुपयांस पाठवितो असें धरा. पहिल्या भावास 'सामान्य मूल्य' म्हणावयाचें, दुसऱ्यास निर्यात-मूल्य. आणि मधले २० रुपये हें डंपिंगचें अंतर. एवढ्यानें जकात बसत नाहीं. देशी धंद्याची हानि झाली आहे किंवा होण्याचें भय आहे, आणि ती या मालामुळेंच, हेंहि दाखवावें लागतें. अंतर शेंकडा दोनपेक्षां कमी असेल तर तें सोडून द्यावें असा नियम आहे. शिवाय आपल्या कायद्यांत एक शहाणपणाची मर्यादा आहे : देशी धंद्याची हानि १० रुपयांच्या जकातीनें भरून निघत असेल, तर अंतर २० रुपयांचें असलें तरी जकात १० रुपयांचीच बसवावी. येथपर्यंत वाचणारास वाटेल कीं, यांत अन्याय तो कोठें आहे ?

अन्याय पहिल्याच पायरीवर आहे. दोन बाजारांत दोन भाव ठेवणें हें पाप कधींपासून झालें ? नवा दुकानदार गिऱ्हाईक जोडण्यासाठीं कांहीं महिने थोड्या नफ्यावर विकतो. हंगाम सरत आला म्हणजे कापडवाला उरलेला माल उतरत्या भावानें काढतो. यांना कोणी कोर्टांत खेंचीत नाहीं. खरें पाप एकच : प्रतिस्पर्ध्यास मारण्याच्या हेतूनें तोटा सोसून विकणें, व तो मेला म्हणजे भाव चढवून गिऱ्हाइकास लुटणें. हें पाप देशांतील व्यापाऱ्यानें केलें तर आपला २००२ चा स्पर्धा कायदा त्यास शासन करतो. पण त्यासाठीं त्याचें बाजारांत वर्चस्व आहे, भाव उत्पादनखर्चाहून कमी आहे आणि हेतु स्पर्धा मारण्याचा आहे, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. परदेशी व्यापाऱ्याबाबत यांतली एकही सिद्ध करावी लागत नाहीं. दोन भावांत अंतर निघालें व देशी धंदा रडका झाला कीं पुरे. जें कृत्य देशी व्यापाऱ्यानें केलें असतां चतुराई ठरतें, तेंच परदेश्यानें केलें कीं अधर्म ठरतें. याला न्याय हें नांव द्यावयाचें असेल तर कोशांत नवा अर्थ घालावा लागेल. जेकब वाइनर या अर्थशास्त्रज्ञानें १९२३ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हांच त्यानें मधून मधून लोटला जाणारा माल व कायम स्वस्त मिळणारा माल यांत भेद केला होता, आणि दुसऱ्यापासून घेणाऱ्या देशाचा लाभच होतो असें दाखविलें होतें. हा भेद शंभर वर्षांनंतरही कायद्यांत उतरलेला नाहीं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सामान्य मूल्य हें दरवेळीं बाजारांत सांपडतेंच असें नाहीं. तें न सांपडल्यास अधिकाऱ्यानें उत्पादनखर्च अंदाजावा, त्यांत कचेरीचा व विक्रीचा खर्च मिळवावा, वर 'वाजवी' नफा चढवावा, आणि जो आंकडा निघेल त्यास सामान्य मूल्य म्हणावें ! चीनसारख्या देशाचे अंतर्गत भाव खरे नव्हेत असें ठरवून तिसऱ्याच देशाचे भाव त्याच्या माथीं मारण्याचीही वहिवाट आहे. अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनीं चिनी मालाचें मूल्य ठरवितांना कित्येक वर्षें भारतांतील भावांचा आधार घेतला. म्हणजे चिनी कारखानदार दोषी कीं निर्दोष, हें त्यानें कधीं न पाहिलेल्या मुलखांतील बाजारभावांवरून ठरावयाचें !

या हिशेबाचा चटका आपणांसही बसलेला आहे. युरोपीय संघानें आपल्या सुती बिछायतीच्या चादरींवर अशीच जकात बसविली. तेथील अधिकाऱ्यांनीं जेथें आपला भाव स्वदेशीं भावाहून कमी दिसला तीं अंतरें मोजलीं, आणि जेथें तो अधिक दिसला तेथें शून्य धरलें. दहा उणे व दहा अधिक यांची बेरीज शून्य व्हावयाची ती या युक्तीनें दहा उणे झाली. भारतानें फिर्याद केली आणि २००१ सालीं जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळानें ही रीत बेकायदा ठरविली. तेव्हां आपल्याकडे मोठा आनंद झाला व तो योग्यच होता. पण त्याच भारताचा क्रमांक १९९५ पासूनच्या एकंदर चौकश्यांच्या संख्येंत जगांत पहिला लागतो, ही गोष्ट त्या आनंदाबरोबर सांगण्याची कोणास आठवण होत नाहीं. दुसऱ्याच्या हातांतली काठी अन्यायाची आणि आपल्या हातांतली न्यायाची, हें तर्कशास्त्र आम्हांस समजत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न : ही जकात देतो कोण ? परदेशी व्यापाऱ्यास शिक्षा झाली असें वर्तमानपत्रें सांगतात. पण बंदरावर पैसे भरतो तो आपला आयात करणारा, आणि त्याच्याकडून माल घेणारा आपलाच लहान कारखानदार. ज्या मालांवर या जकाती बसतात त्यांत रसायनें, तंतु, सूत, पोलाद असा दुसऱ्या धंद्यांचा कच्चा माल फार असतो. 'पीटीए' या नांवानें ओळखलें जाणारें आम्ल घ्या. त्यापासून पॉलिएस्टर होतें, पॉलिएस्टरचें सूत होतें, आणि त्या सुतावर भिवंडी-सुरतेकडील यंत्रमाग चालतात. देशांत हें आम्ल करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सूत वापरणारे माग लक्षावधि. तरी कित्येक वर्षें त्यावर डंपिंगविरोधी जकात होती. शेवटीं २०२० च्या अर्थसंकल्पांत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीं ती लोकहितासाठीं रद्द केल्याचें जाहीर केलें. २०२१ सालीं व्हिस्कोस तंतूवरील जकात चालू ठेवावी अशी शिफारस चौकशी खात्यानें केली असतांही अर्थ मंत्रालयानें ती उठविली. हे दोन्ही निर्णय आम्हांस मान्य आहेत. पण त्यांतून निघणारा प्रश्न अडचणीचा आहे : जें लोकहित जकात उठवितांना दिसलें, तें ती बसवितांना कोठें होतें ? माल वापरणाऱ्या धंद्यांस चौकशींत माहिती देण्याची मुभा नियमांत आहे, हें खरें. परंतु बोलूं देणें वेगळें व बोलणें तराजूंत घालणें वेगळें. शिवाय प्रसिद्ध होणाऱ्या अहवालांत खर्चाचे व किंमतीचे महत्त्वाचे आंकडे गुप्त म्हणून त्यांच्या जागीं तारका छापलेल्या असतात. मागवाल्यानें त्या तारकांकडे पाहून काय उत्तर द्यावें ?

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. १९३१ च्या डिसेंबरांत जपाननें सुवर्णचलन सोडलें, येनचा भाव कोसळला आणि जपानी कापड हिंदुस्थानांत अतिशय स्वस्त पडूं लागलें. मुंबईच्या गिरणीवाल्यांच्या ओरडीवरून ब्रिटिशेतर कापडावरील जकात १९३२ सालीं शेंकडा ५० व १९३३ च्या जूनांत शेंकडा ७५ झाली. जपानी गिरण्यांनीं लगेच हिंदी कापसावर बहिष्कार पुकारला, आणि मुंबईच्या गिरणीस मिळालेल्या आश्रयाचें बिल वऱ्हाड-खानदेशच्या कापूसवाल्याच्या दारीं जाऊन पडलें. पण त्या काळीं निदान दोन गोष्टी उघड होत्या. जकातीस संरक्षण हेंच नांव होतें. आणि शेतकऱ्याचा तोटा तहाच्या मेजावर आला. १९३४ च्या करारांत जकात पुन्हां ५० वर आली व जपाननें किती कापड पाठवावें याची सांगड तो किती कापूस घेतो याच्याशीं घातली गेली. आजच्या चौकशींत असला शेतकरी मेजापर्यंत पोंचावा कसा ?

कोणी म्हणेल, 'मग काय कारखाने मरूं द्यावयाचे ?' मुळींच नाहीं. ज्या धंद्याचा आधार देशास खरोखर पाहिजे, त्यास अवश्य आश्रय द्या. परंतु आश्रयाचीही एक रीत असते. १९२१-२२ च्या फिस्कल कमिशननें संरक्षण मागणाऱ्या धंद्यास तीन प्रश्न विचारले होते : तुला निसर्गाची अनुकूलता आहे काय, मदतीवांचून तुझी वाढ खुंटते काय, आणि पुढेंमागें मदतीवांचून तूं जगाच्या स्पर्धेस तोंड देशील काय ? परकी सरकारनें नेमलेल्या त्या मंडळाचे हे प्रश्न कंजूषपणाचे आहेत अशी त्या वेळीं टीका झाली. आजची चौकशी तिसरा प्रश्न विचारीतच नाहीं. जकात पांच वर्षांची म्हणून बसते. मुदत भरत आली कीं फेरतपासणी मागावयाची, 'जकात उठली तर पुन्हां डंपिंग होईल' असें म्हणावयाचें, आणि आणखी पांच वर्षें मिळवावयाचीं. त्या पांच वर्षांत यंत्रें सुधारलीं कीं केवळ भाव चढविला, हें कोणीं पाहावयाचें ?

'इतर देशही तेंच करतात' हें दुसरें उत्तर. करतात; पण त्याच युरोपच्या कायद्यांत जकात बसविण्यापूर्वीं वापरणारे व ग्राहक धरून सर्व संघाचें हित पाहण्याचें बंधन आहे. दुसऱ्याची काठी उचलावयाची व तिची मूठ मात्र टाकून द्यावयाची, हें अनुकरण कसलें ?

म्हणून आमची मागणी माफक आहे. सार्वजनिक हिताची कसोटी नियमांतच घाला, आणि वापरणाऱ्या धंद्यांचा तोटा देशी उत्पादकाच्या हानीच्या शेजारीं आंकड्यांनीं मांडा. तक्रार करणारे एक-दोनच असतील तेथें बाजारांतील त्यांचें वर्चस्वही तपासा. मुदत वाढवून मागणारानें मागल्या मुदतींत काय केलें याचा हिशेब आधीं द्यावा. आणि जेथें खरा हेतु संरक्षणाचा आहे, तेथें तें संरक्षण म्हणूनच संसदेपुढें आणा. त्याचा खर्च कोणावर पडतो तें सांगा, व मतें घ्या. भिवंडीच्या मागवाल्याकडून पैसे घ्यावयाचेच असतील तर ते त्याच्या तोंडावर मागावे. परदेश्यास दंड केला असें सांगून त्याच्या खिशांतून काढूं नयेत.